शेवटच्या नावाची जागा

खर्डी,
११ सप्टेंबर २०२५

दादास,

नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? वहिनीला सांग, तिनं दिलेल्या बियाण्याचं हळवं भात छान निसवलंय, लोंब्या बाहेर आल्यात. फोन तू तीन दिवस उचलत नाहीस, म्हणून वैष्णवीच्या वहीचं पान घेतलं. तिला सध्या वहीची गरज नाही. तूच तिला दहावीच्या वर्गातून घरी पाठवलीस.

बरोबर माफीनाम्याचा कागदही दिलास. 'माझ्या पाल्याने इतर मुलींना भडकवले.' खाली पालकाची सही. सही केली नाही तर परीक्षेचा फॉर्म भरणार नाही, हेही तिच्याच तोंडी सांगून पाठवलंस. मुख्याध्यापक झालास म्हणून भाचीला धमकी द्यायची? लाज कशी नाही वाटली?

काय भडकवलं रे तिनं? वसतिगृहात मुलींच्या न्हाणीला दार नाही. जून गेला, गणपती गेले, पोरी अजून जुनी चादर धरून आळीपाळीनं आंघोळ करतात. तीनदा तुला सांगितलं, तीनदा तू "वरून मंजुरी नाय" म्हणालास. तेव्हा कुठं बत्तीस पोरी अर्ज घेऊन पायी मुरबाडच्या कचेरीला निघाल्या. तू अर्ध्या वाटेत टेम्पो आडवा घातलास, त्यांना परत आणलंस आणि अर्ज काढून घेतलास.

पुढचं वैष्णवीनं सांगितलं. "आये, आमी नावं गोल लिवली होती. पयली कोन ते कुनाला कळलंच नसतं. मामानं नुसतं बघितलं नि माझ्या नावावर बोट ठेवलं."

मी भाकरी थापत होते. ती भाकरी तव्यावर गेलीच नाही.

गोल नावं लिहायला तिला मी शिकवलं. मला तू शिकवलंस, याच शाळेत, सिद्धगडाच्या पायथ्याशी. तू दहावीत, मी आठवीत. भातात अळ्या निघायच्या म्हणून आपण ताटं घेऊन मुरबाडला गेलो होतो. अर्ज जमिनीवर ठेवायचा, सगळ्यांनी भोवती बसायचं, ज्यानं त्यानं आपल्या बाजूनं नाव लिहायचं. म्हणजे पुढारी सापडत नाही. पण गोल भरत आला की जागा कमी पडते. शेवटचं नाव चेंगरतं आणि त्याच्या शेजारी ऐसपैस बसलेलं, तेच पहिलं. तेव्हाचे गुरुजीसुद्धा कागद फिरवून फिरवून बघायला लागले होते.

ते ऐसपैस नाव माझं होतं, दादा. तीस वर्षांत हे मी कोणापाशी बोलले नाही. तू उठलास नि म्हणालास, "गुरुजी, पयला मी." तुला शाळेतून काढलं. वर्षभर तू गुरं राखलीस, आणि मी खाली मान घालून तोच भात जेवत राहिले. त्या दिवाळीत तू एवढंच म्हणालास, "हौसे, पुढच्या टायमाला शेवटच्या नावाला जागा ठेव गो." मी लेकीला गोल शिकवला आणि जागा ठेवायचं सांगायला विसरले. ती चूक माझी.

पण तुझं काय? ज्या खुणेपायी तू मला पाठीशी घातलंस, तीच खूण धरून माझी पोर पकडलीस. खुर्ची मिळाली की माणूस मागचं विसरतो म्हणतात. तू विसरला असतास तर मला एवढा संताप आला नसता. तुला सगळं आठवत होतं.

काल रखमीच्या ओट्यावर आम्ही पालक जमलो. तिचीही लेक त्या बत्तिसांत होती. रखमी म्हणाली, "दरवाजा मागितला तं माफी कसली?" मग तुझ्याच माफीनाम्याच्या पाठीवर आम्ही अर्ज लिहिला. न्हाणीला दार हवं आणि वैष्णवी वर्गात हवी. नावं गोल लिहिलीत. तो कागद या पत्रासोबत पाठवतेय.

पहिलं नाव शोधत बसू नकोस. माझं आहे, त्याच्यावर '१' हा आकडा घातलाय. शेवटी जागा सोडली आहे, तुझं नाव नीट मावेल एवढी.

सोमवारी सकाळी आम्ही शाळेच्या फाटकाशी येतो. कागद घेऊन बाहेर ये. सही केली असलीस तर मुरबाडपर्यंत तू पुढं चाल, आम्ही मागं येऊ. नसलीस केली, तर टेम्पो तयार ठेव. या वेळी आडवा घालून कोणी परत फिरणार नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. ती अजून सगळ्यांना तुझी ती गोष्ट सांगते.

गोलातली पहिली,
हौसा