चपलांचे तारण

अण्णा,

आज तुम्हाला लिहायला बसलो याचे कारण एक पितळी तांब्या आहे. तो या क्षणी माझ्यासमोर टेबलावर आहे आणि तो माझा नाही. पण मधली पायरी गाळून पुढचे सांगू नये, ही शिस्त तुमचीच. म्हणून आधी मागे जातो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. देशाने आपले सोने विमानात घालून परदेशी पाठवले होते, रुपयाचे मूल्य उतरवले होते, आणि आमच्या विभागात जणू रोज सकाळी एक नवा विषय जन्माला येत होता. व्याजदर, विनिमय दर, जोखीम हे शब्द नुसते उच्चारतानाही माझा ऊर भरून येई. तुम्ही सूक्ते म्हणत घाटाकडे निघायचात आणि मी काशीतल्या गोदौलिया चौकाच्या गर्दीतून सायकल काढत, सूत्रे म्हणत विभागाकडे. तिसऱ्या वर्षी वित्तीय अर्थशास्त्र हा विशेष विषय प्रथमच सुरू होणार होता. जागा मोजक्या होत्या आणि निवड विभागप्रमुखांच्या तोंडी परीक्षेतून व्हायची होती. तुम्ही तुमची अट जेवणाच्या पाटावरच सांगून टाकलीत. "मिळाला विषय, तर शीक. नाही मिळाला, तर दशाश्वमेध घाटावर माझ्या शेजारी लाकडी चौकीवर बसायचं. जजमान मराठी बोलणारा माणूस शोधत येतात, आणि माझे गुडघे आता घाट चढायला कुरकुरतात." त्या अटीत अन्याय काहीच नव्हता, म्हणूनच तिची मला अधिक भीती वाटे.

त्यातच ती फजिती झाली. विभागप्रमुखांनी भर वर्गात विचारले, "सोना विदेश क्यों भेजना पड़ा? बताइए।" मी ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, "तारण के लिए, सर।" सगळा वर्ग हसत फुटला. मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे गुरु, तारण तो मणिकर्णिका पर होता है, बैंक में कब से होने लगा?" मणिकर्णिका हा स्मशानघाट आणि हिंदीत तारण म्हणजे उद्धार, हे मला माहीत होते, पण कर्जापोटी ठेवलेल्या वस्तूला हिंदीत तारण म्हणत नाहीत, हे मात्र माहीत नव्हते. तो शब्द मला आईच्या स्वयंपाकघरात मिळाला होता. शेजारीण पुरणयंत्र मागायला आली की आई हळूच सांगायची, "दे, पण तारण म्हणून तिची किसणी ठेवून घे. नाहीतर यंत्र थेट पुढच्या होळीला दिसेल." विभागप्रमुख हसले नाहीत. मात्र त्या दिवसापासून ते मला "तारणहार" म्हणू लागले आणि त्यांच्यामागून अवघा विभाग.

घरी येऊन मी हे सांगितले, तेव्हा तुम्हाला घास लागेपर्यंत हसू आले. आई तुमच्या पाठीवर थापट्या मारते आहे आणि तुम्ही डोळे पुसत म्हणता आहात, "काशीत राहून तारणासाठी बँकेत जाणारा तूच पहिला!" मी रुसून पानावरून उठलो. माझ्या विषयाला कुणी हसावे, हे मला तेव्हा सहन होत नसे. खरे सांगायचे तर आजही होत नाही.

पुढच्या रविवारी तुम्ही मला मदतीला घाटावर नेलेत. सोलापूरकडचे एक कुटुंब आले होते. तुम्ही नेहमीप्रमाणे प्रत्येकाला स्नानासाठी पितळी तांब्या दिलात आणि त्यांच्या चपला चौकीखाली ठेवून घेतल्यात. हे मी लहानपणापासून पाहत होतो, म्हणजे खरे तर कधीच पाहिले नव्हते. त्यातल्या एका आजोबांच्या चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला होता. ती चप्पल विकायला नेली असती तर कुणी फुकटही घेतली नसती. तरीही तिच्या बदल्यात तुम्ही निर्धास्तपणे चांगला जाड तांब्या देत होतात, आणि तांब्या परत येत होता! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुमच्या लेखी ती चप्पल कवडीमोल होती. पण अनवाणी आजोबांच्या लेखी तिची किंमत केवढी तरी होती. तारण घेणाऱ्याला ते विकून काय मिळेल, हा प्रश्न दुय्यम आहे. ठेवणाऱ्याला ते सोडवण्याची निकड किती, हे पाहायचे असते. शिवाय ज्याला तांब्या घेऊन पसार व्हायचे आहे, तो चप्पल ठेवायला मुळातच कां-कूं करील. म्हणजे एक शब्दही न विचारता त्याच्या मनातले तुम्हाला कळते!

"अण्णा, तुम्ही चपला का ठेवून घेता?" मी जवळजवळ ओरडलोच.

"बंदर पळवतात म्हणून." आपल्या घरच्या मराठीत माकडाला बंदर म्हणत. बंदर म्हणजे जहाजांचा धक्का, हे मला पुढे मुंबईत नोकरीला लागल्यावर उमगले.

"नाही अण्णा, खरं कारण वेगळं आहे!"

"असं? चौकी माझी, चपला त्यांच्या आणि कारण तुझ्यापाशी. सांग."

मी हातवारे करत सगळा सिद्धांत सांगितला. सोलापूरच्या आजींनी केस पुसता पुसता काळजीने विचारले, "गुरुजी, पोराला उन्हाचा त्रास हाय का?" तुम्ही गंभीरपणे उत्तर दिलेत, "नाही हो, अर्थशास्त्राचा."

तोंडी परीक्षेत विभागप्रमुखांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तो तारणहार, बैंक गिरवी क्यों रखवाता है? बेचने के लिए?" गिरवी म्हणजे आपले तारण, हे मी एव्हाना शिकलो होतो. मी चपलांपासून सुरुवात केली. बोलता बोलता माझा आवाज इतका चढला की शिपायाने दार उघडून आत डोकावले. मात्र एवढा मोठा विचार माझ्या वयाच्या मुलाच्या तोंडी शोभणार नाही, असे वाटून मी आरंभीच म्हणून टाकले होते, "मेरे पिताजी कहते हैं..." त्यांनी पेन खाली ठेवले. "पिताजी कहाँ पढ़ाते हैं?" मी म्हणालो, "दशाश्वमेध पर बैठते हैं, सर।" त्यांनी मान हलवून पुढच्या मुलाला बोलावले. निवड झाली की नाही, ते मात्र सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या शेजारी दर्भ निवडत बसलो आहे आणि खांद्यावर पंचा टाकून विभागप्रमुख पायऱ्या उतरत आहेत. तुम्ही एकदा "बंदर" म्हणालात की माझा विषय तिथेच बुडाला. ते वाकून नमस्कार करतात. "पंडितजी, सुना है चप्पल पर आपका कोई सिद्धांत है।" तुम्ही माझ्याकडे पाहता. वरच्या कठड्यावर एक माकड शेपटी सोडून बसले आहे, त्याच्याकडेही पाहता. आणि तांब्या पुढे करता. "सिद्धांत बाद में। पहले चप्पल उतारिए।"

ते मोठ्याने हसले आणि अनवाणी पाण्यात उतरले. वर आल्यावर त्यांनी तांब्या तुमच्या हाती दिला, चपला पायात चढवल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पंडितजी, इसको हमारे ही पास रहने दीजिए।" ते दिसेनासे होताच तुम्ही मला म्हणालात, "जा, शीक बाबा. नाहीतर माझ्या नावावर आणखी काय काय खपवशील, कुणास ठाऊक." माझे उत्तर न ऐकताच तुम्ही पुढच्या जजमानाचा संकल्प सांगायला सुरुवात केलीत. मी तो घाट एका दमात चढलो. तेवढा आनंद मला पुढे पदवीच्या दिवशीही झाला नाही.

त्या सिद्धांतावर मी बँकेच्या कर्जविभागात उभे आयुष्य काढले. तुम्हाला जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. यंदा तुमच्या श्राद्धासाठी आलो, तेव्हा तुमच्या जागी बसणाऱ्या तरुण गुरुजींनी माझ्या हाती तांब्या दिला आणि माझ्या चपला चौकीखाली सरकवल्या. कारण मी विचारले नाही. तर्पण झाल्यावर पाण्यात उभा राहून मी तुम्हाला मनातल्या मनात हल्लीच्या कर्जांच्या नव्या तऱ्हा समजावून देऊ लागलो. विषय इतका रंगला की त्याच तंद्रीत घाट चढलो, गल्ल्या ओलांडल्या आणि धर्मशाळेच्या दारात आल्यावर पायांना फरशी गार लागली. हातात तांब्या होता.

म्हणजे अनवाणी माणूस लांब जात नाही, हा सिद्धांत चुकला, आणि तोही माझ्याच पायांनी चुकवला. हे मला तुम्हाला सांगायचे होते, म्हणून हे पत्र. ते टाकायला पेटी कुठे आहे, हे मी शोधणार नाही. तुम्ही यावर किती हसला असतात, ते मला नीट ऐकू येते आहे. तांब्या त्याच सकाळी परत करायला हवा होता. ती सकाळ गेली, तिच्यानंतरचीही गेली. बाजारातून मी नव्या चपला आणल्या आहेत, अण्णा. चौकीखालचे तारण अजून सोडवलेले नाही.