उजव्या हातातलं घड्याळ

३ मार्च
शेवटी कंपनीलाच अक्कल आली. बाबा आयुष्यभर ज्या कंपनीच्या शोरूमच्या काचेबाहेर थांबून घड्याळं बघत आले, तिनं आमच्या खिशाला झेपेल असं मॉडेल काढलं. सेल्समन म्हणे, सर, हे आमचं एन्ट्री लेव्हल. चेहरा असा, जणू मी मागच्या दारानं आलोय. घेतलं.

४ मार्च
अर्धांगवायूनंतर बाबांना बोलता येत नाही, पण घड्याळ बघून डोळे भरून आले. मुद्दाम उजव्या, म्हणजे लुळ्या हातात बांधलं. याला सेल नाही, चावी द्यायची नाही. हात हलला तरच चालतं. हौसही झाली, व्यायामही झाला. एकाही डॉक्टरला हे सुचू नये?

७ मार्च
बंद पडलं. बायको म्हणते, अहो, हातच हलत नाही तर ते चालेल कसं? हिचं नेहमीचंच रडगाणं. बाबांना म्हणालो, मनावर घ्या. निदान माझ्यासाठी.

८ मार्च, संध्याकाळ
चालू!! वेळ साफ चुकीची, पण चालू! वेळ लावून दिली. बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं.

१५ मार्च
आठवडाभर अखंड चालू. फिजिओथेरपीवाल्या बाईंना दाखवलं. त्यांनी हात तपासला. म्हणे, काहीच फरक नाही. यंत्र खोटं बोलतं का? बाई नवशिक्या असाव्यात.
संकल्प: जूनमध्ये बाबांना चालवत त्या शोरूममध्ये न्यायचं. दार त्या सेल्समननंच उघडायचं.
बाबा हल्ली संध्याकाळी फार दमलेले असतात. चांगलं लक्षण आहे. स्नायू जागे होताहेत.

२१ मार्च
डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आलो. बायको औषधं आणायला गेलेली. बाबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं.
बाबा डाव्या हातानं उजवं मनगट धरून गदागदा हलवत होते. बनियन घामानं भिजलेला. थांबायचे, धाप टाकायचे, मान वाकवून घड्याळाचा कानोसा घ्यायचे, पुन्हा हलवायचे.
पाय न वाजवता मागे फिरलो. जिन्यात बसून रडलो. हा हात बरा होणार नाही, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. मला कळू नये म्हणून चाललं होतं सगळं. आणि मनावर घ्या म्हणणारा मीच.
मग मुद्दाम दार आपटून आत गेलो. म्हणालो, बाबा, शोरूममधून फोन होता. हे मॉडेल म्हणे डाव्या हातातच घालायचं असतं. माझंच चुकलं.
बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात पुढे केला.