एकतीस जणांचा एकच मळा

सोमवार, ७ मार्च

चि. भाऊस अनेक आशीर्वाद,

पत्र पाहून म्हणशील, ताईचा फोन बिघडला की डोकं? दोन्ही शाबूत आहेत. ऑफिसात सध्या कोणाला कुठून फोन येतात याची चौकशी चालू आहे, म्हणून लिहितेय. साथीत शेतकऱ्यांना दिलेली मदत तपासायला वरून एक साहेब आलेत. बोलणं गोड, पण नजर काही धड नाही. शुक्रवारी त्यांनी आपल्या गावचे एकतीस अर्ज मागून घेतले.

ते माझ्याच सहीने मंजूर झालेत. नात्यातल्या माणसाच्या अर्जावर सही करायची नाही असा नियम, आणि त्यात तुझाही अर्ज आहे. सासरचं आडनाव वेगळं, म्हणून अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. अर्जावर प्रत्येकाचा आपल्या शेतात उभा राहिलेला फोटो हवा होता. ते कुणी काढले, खरं सांग. आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस, ती हाय खाईल.

तुझी ताई

गुरुवार, १० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.,

कुणी काढणार? मीच! गावात बरा कॅमेरा माझ्याच फोनला. तेव्हा रस्त्यावर पोलीस उभे, एकतीस शेतं हिंडणार कसा? एकेकाला मागच्या वाटेने आपल्या मळ्यात बोलावलं आणि पंपाच्या खोलीपुढे उभं केलं. शेजारचे काका तर लग्नाला निघाल्यासारखा भांग पाडून आले होते.

पण नुकसान खोटं नव्हतं गं. बाजार बंद, म्हणून सगळ्यांनीच फुलं तोडून बांधावर फेकली, कुजका वास महिनाभर हटला नाही. कर नाही त्याला डर कशाला? एवढंच, की परवा एक गाडी मळ्यासमोर तासभर उभी होती. मी पाणी हवं का विचारायला गेलो, तर काच वर करून निघून गेली.

तुझा भाऊ

शुक्रवार, १८ मार्च

चि. भाऊस आशीर्वाद,

पहिल्याच फोटोत मी पंपाच्या खोलीचं ते निळं दार ओळखलं होतं. शाळेच्या सुट्टीत मीच रंगवलेलं ना ते! एकतीस वेळा पाहिलं आणि एकतीस वेळा सही केली. लोकांच्या घरात दाणा नव्हता, मी दुसरं काय करणार होते?

आज साहेबांनी सगळे फोटो एका टेबलावर मांडले आणि मला विचारलं, जागा ओळखता का. मी नाही म्हणाले. तुम्ही त्या गावात कधी गेलात का, म्हणाले. त्यालाही नाही म्हणाले आणि तसं लिहूनही दिलं. मग हसून म्हणाले, मंगळवारी तुम्हीही चला. माझा फोनही तपासायला ठेवून घेतलाय. भाऊ, हे उघडं पडलं तर नोकरी जाईलच, पण खोटं लिहून दिलं म्हणून तुरुंगही आहे.

मंगळवारी मी गाडीतून उतरले की मला ताई म्हणू नकोस. मॅडम म्हण. आईला आदल्या दिवशीच मावशीकडे पोचव.

तुझी ताई

शनिवार, १९ मार्च

ती. ताईस सा. न.,

तुझं पत्र नाही, जीव टांगणीला लागलाय. दुपारी फोन लावला, तर कुणा पुरुषाने उचलला आणि नुसता ऐकत राहिला. मी ठेवून दिला.

काल मी मळ्यात असताना तुमचे साहेब घरी येऊन गेले. आई एकटीच होती. चौकशीचं काहीच बोलले नाहीत, फक्त शहरातल्या ऑफिसातून आलो म्हणाले. तिला काय ठाऊक बिचारीला? माझी लेकही तिथेच आहे म्हणाली, तुझ्या लग्नाचा अल्बम काढून दाखवला. त्यांनी एक फोटो मागितला, तिने दिलाही. किती भला माणूस, म्हणतेय.

तू त्यांना नातं सांगितलं आहेस ना? नसशील, तर आता लपवू नकोस, आधी तूच सांगून टाक. उद्या टपाल बंद, म्हणजे हे पत्र सोमवारी निघेल. मंगळवारच्या आत पोचावं एवढीच इच्छा. कारण जाताना त्यांनी आईला शब्द दिलाय, मंगळवारी तुमच्या लेकीला भेटायला आणतो. दोन वर्षांनी येतेयस म्हणून आई वळणापर्यंत घ्यायला येणार आहे.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ