करंडीला बांधलेला मालक

माहीम (जि. पालघर),
१४ डिसेंबर २०२५

सौ. दमयंतीस,

आशीर्वाद लिहिणार होतो. पण तू माहेरी रुसून बसली असताना नमस्कारच सुरक्षित. फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या भावाच्या, विनोदच्या हाती हे पत्र सफाळ्याला धाडतोय.

पानमळा बरा आहे. मांजर व्याली. पोळ्या मीच लाटतो. आकार विचारू नये.

काल बोईसरला पोलिसांनी बोलावलं होतं. "तांब्याची तार चोरणारा कृष्णकांत बोईसरच्या खोलीत बायकोसह राहतो," असं त्या दिवशी हवालदार दारात येऊन बोलला आणि तू 'बायकोसह' एवढंच ऐकून बॅग भरलीस. त्या खोलीची मालकीण, नवसीबाई, काल समोर होती. घाम पुसत मी उभा. तिने मला वरून खाली न्याहाळलं.

"हा नाय तो! तो तरणा हाय. डोक्यावर केस हायत त्याच्या."

टकलाचे एवढे उपकार मी उभ्या जन्मात मानले नव्हते.

मग साहेबांनी भाडेकराराला जोडलेली माझ्या आधारची झेरॉक्स दाखवली. कोपऱ्यात भोक, भोकात सुतळीचा तंतू, वर पानाचा हिरवा डाग. ओळखलीस? पानांच्या करंड्या गाडीत हरवतात म्हणून मीच एकेकीला बांधलेली. "आपल्या मळ्याची लाल चिंधी काय वाईट होती?" असं तू विचारलंस, तेव्हा मी तुला आधुनिकतेवर प्रवचन दिलं होतं. पानांबरोबर मालकही बाजारात गेला, आणि चोराच्या हाती लागला. वेदान्तात नामरूप मिथ्या म्हणतात. त्या मंडळींना पोलीस ठाण्यात कुणी बसवलं नसावं.

"काका, आधार म्हणजे काय लग्नपत्रिका, गावभर वाटायला?" साहेब म्हणाले. मी चक्क कान धरले. तू हवी होतीस बघायला.

तो तोतया सापडलाय. सोबतची बाई त्याचीच बायको, बिचारी. माझा जबाब झाला, माझ्यावर काही बालंट नाही. येताना पालघरला उतरून आधारला कुलूप घालून घेतलं. आता मी उघडल्याशिवाय माझाच अंगठा चालायचा नाही. यापुढे प्रत द्यावीच लागली, तर शेवटचे चार आकडे तेवढे दिसतील अशी.

विनोद चहा संपवून ताटकळलाय, आणि मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही. पोलिसांचं भय नव्हतं गं. त्यांना पटेल आणि तुला पटणार नाही, याचं होतं.

करंड्यांना पुन्हा लाल चिंध्या बांधतोय. घरातल्या संपल्या. तुझी ती जुनी लाल साडी काढली, पण फाडायला हात धजत नाही. तूच येऊन फाड.

तुझा,
झेरॉक्स नव्हे, मूळ प्रत
कृष्णकांत