तेलाच्या ब्रेकमधली हवा

आप्पा, तुम्ही मोटारीखाली उताणे पडलेले असायचात तेव्हा मला तुमचे फक्त पाय दिसायचे आणि तेवढ्यापुरतं तुमच्याशी बोलणं सोपं जायचं. एरवी आपण दोघं कमीच बोललो. आई आधीच गेलेली. लग्नानंतर दोन वर्षांनी मी एकटीच बोचकं घेऊन सोलापूरला परत आले, तेव्हाही तुम्ही दारात एवढंच म्हणालात, "हातपाय धू, जेवून घे." का आलीस, हे तुम्ही विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही.

गिरणीतली फिटरकी सोडून तुम्ही एका साहेबाची जुनी मोटार घेतली होती आणि अक्कलकोटच्या रस्त्यावर उतारूंची ने-आण करत होता. गावातल्या बाकी मोटारींचे ब्रेक सळयांनी ओढले जाणारे, फक्त तुमच्या मोटारीचे तेलाच्या दाबावर चालणारे. त्यामुळे तिला हात लावायला कोणी मिस्त्री धजत नसे. जे काय करायचं ते आपल्याच अंगणात, लिंबाच्या झाडाखाली. त्या उन्हाळ्यात मागच्या चाकाकडे जाणारी तांब्याची नळी दगडांनी घासून फुटली आणि तेल गळायला लागलं. तुम्ही नवी नळी कापलीत, वाकवलीत, तिचं तोंड हळूहळू ठोकून फुलवलंत आणि नटात बसवलीत. राहिली होती ती नळीत शिरलेली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचा बारका स्क्रू सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर बुडबुडे बाटलीत येतात. स्क्रू परत आवळला की मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर नळी उलटी हवा ओढून घेते, आणि मग पायडल कितीही दाबा, गाडी थांबत नाही. हे सगळं तुम्ही मला उकिडवे बसून, मातीत बोटानं रेघा ओढून समजावलंत. घरात दुसरं होतं कोण?

मी पदर खोचून आत बसले आहे. पत्रा तापलाय. खालून तुमचा आवाज येतो, "दाब." मी म्हणते, "दाबला." "धरून ठेव." माझी पोटरी थरथरायला लागते. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारीण हाक मारते, "मामा, उद्या सकाळी नक्की ना? सुनेचे दिवस भरत आलेत." शेजारच्या त्या तेलुगू विणकरांच्या सुनेला तुम्ही दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरी, अक्कलकोटला पोचवणार होता. मी हाकेसरशी वळले आणि पाय उचलला गेला.

"पाय उचललास का गं?" तुम्ही खालून विचारलंत.

"न्हाय की."

"पायडल टणक लागतंय न्हवं?"

"हाय की."

दोन्ही उत्तरं माझ्या तोंडून आपोआप गेली. मग तुम्ही स्वतः आत बसून पाय ठेवलात आणि पायडल थेट फळीला जाऊन टेकलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. तुम्हाला वाटलं, नळीचं तोंडच नीट फुललं नाही. ती सगळी परत सोडवलीत. मुंबईहून मागवलेलं तेल मातीत सांडलं. हातांकडे बघत म्हणालात, "हात गेलं माझं आता." पंचवीस वर्षं गिरणीत यंत्रं उघडली-जोडली त्या हातांबद्दल तुम्ही हे बोलत होता, आणि मी शेजारी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. नवं तोंड फुलवताना हातोडी निसटून तुमच्या बोटाचं साल निघालं, तेव्हा मला राहवलं नाही.

"आप्पा, मी पाय उचलला व्हता."

तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. "पाय काय, कुनाचाबी उचलला जातो. पन तू हाय म्हनलीस. मी न बघता उद्या त्या पोरीला घेऊन वड्याच्या उतारावर गेलो असतो, तर कशाच्या भरवशावर? तुझ्या 'हाय'च्या!" आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सवयीचं वाटलं असतं. मग तुम्ही विचारलंत, "खोटं का बोललीस?"

"त्या घरात असंच बोलाय लागायचं."

"मारायचे?"

"व्हय."

तुम्ही कितीतरी वेळ बोटावरचं रक्त धोतराला पुसत राहिलात. मग म्हणालात, "हितं न्हाय लागत तसं बोलाय. चल, बस आत."

दुसऱ्या खेपेला मी पाय बधिर होईपर्यंत पायडल धरून ठेवलं. शेवटी बाटलीत नुसतं स्वच्छ तेल आलं. तुम्ही उठलात, अंग झटकलंत आणि माझ्या शेजारच्या जागेवर येऊन बसलात. "तू घे गाडी." तुम्हीच मला माळावर मोटार शिकवली होती, टाकलेली पोरगी मोटार हाकते म्हणून लोक हसत असताना. पण ब्रेकची पहिली परीक्षा, तीही ओढ्याच्या उतारावर? तुम्ही दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होता. मी दाबलं. गाडी थांबली, धूळ आपल्या पुढे निघून गेली. तुम्ही म्हणालात, "ब्येस."

सून सुखरूप पोचली. तिला मुलगी झाली.

दिवाळीच्या सुमारास सासरची माणसं मला न्यायला आली. सतरंजीवर चारचौघं, सासरे म्हणत होते, पोरगी सुखात होती, उगाच रुसून आली. तुम्ही मला आतून बोलावलंत आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "सुखात व्हतीस का?" एवढंच. पुढे एक शब्द नाही, इशारा नाही. मी म्हणाले, "न्हाय." तुम्ही पाहुण्यांकडे वळलात आणि म्हणालात, "ऐकलंसा न्हवं? आता च्या घ्या, मग निघा."

त्यानंतर तीनच वर्षांनी तापाचं निमित्त होऊन तुम्ही गेलात. मोटार विकली. मी शिवणकाम शिकले, मुलींच्या शाळेत शिकवलं, माझं आयुष्य मी माझ्या मनासारखं काढलं. त्या दिवशी सतरंजीपाशी मी दुसरं काही बोलले असते तर कुठं असते, याचा विचार अजूनही मधूनच येतो आणि मी हातातलं काम थांबवून बसते.

हे पत्र लिहून झालं की शिवणाच्या डब्यात ठेवीन, दुसरं कुठं ठेवणार. एक मात्र सांगते. काल चुलत भावाच्या मुलानं विचारलं, "आत्या, जिना चढताना गुडघा दुखतो का?" मी लगेच म्हणाले, "छे, अजिबात नाही." दुखतो, आप्पा. लई दुखतो.