शेजारची खाट

बाभुळगाव,
दि. १२ जानेवारी २०२५

प्रिय जयाताई,

नमस्कार. आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची सवय आहे म्हणून आधी तसं लिहून टाकते. कापसाची वेचणी होत आली, तुरीला शेंगा बऱ्या आहेत. अक्षय बारावीला आहे आणि आरशासमोर अभ्यासापेक्षा जास्त वेळ असतो. तुझा नंबर बाबांनी समोर बसून माझ्या फोनमधून काढायला लावला होता, म्हणून हे पत्र.

माझं सांगायचं तर बी.एस्सी. झाले. आपल्या घरातली पहिली पदवी, म्हणून बाबांनी पेढे वाटले. आता यवतमाळला विमलताईंकडे ॲक्युपंक्चर शिकते. त्यांचा बायकांसाठी छोटा दवाखाना आहे. ताणानं डोकं दुखणं, झोप उडणं, छातीत धडधडणं, अशा तक्रारी घेऊन बाया येतात. आपल्या गावातही असं काही सुरू करायचं माझ्या मनात होतं. होतं म्हणते, कारण महिनाभरात माझा धीर बराच सुटला आहे.

डिसेंबरात मी आईला तिथे नेलं. तिला झोप नाही, उजवी बाजू ठणकते. सुया पाहून ती विमलताईंदेखत म्हणाली, "काहून वं सुरभी, सुईत औषध तर दिसत नाही! नुसतंच टोचून राह्यली का? पोरगी शिकली अन् मायलेच टोचाले लागली." सगळ्या बाया हसल्या. तीही हसली. घरी ती अशी हसत नाही.

त्याच आठवड्यात तिनं डिंकाचे लाडू केले होते. बाबांनी विचारलं, "कोणासाठी वं एवढे?" "थंडी आहे ना," म्हणाली. तो डबा तिनं कोणाला उघडू दिला नाही. मुंग्या लागल्या तेव्हा मागच्या दारी गाईपुढे रिकामा केला. आठवडी बाजारात तिला कोणीतरी तुझ्या बाळंतपणाचं सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं. मुलगी झाली म्हणे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते तुझं राजूरला झालं. तुला कोणी शेकलं, कोणी तेल लावलं, मला माहीत नाही.

चिनी वैद्यकात दोन्ही मनगटांवर तीन बोटं ठेवून नाडी पाहतात. गिळलेलं दुःख यकृतात अडून बसतं, असं त्यात म्हणतात. हे किती खरं, ते मी तपासून सांगू शकत नाही. त्या दिवशी शिकण्यासाठी आईची नाडी माझ्याच बोटांखाली होती. विमलताईंनी सहज विचारलं, "लेकरं किती?"

"दोन," आई म्हणाली. "हे अन् अक्षय."

ताई, तिची नाडी एकदम उडाली आणि नंतर दोरी ताणावी तशी कडक झाली. चेहरा मात्र तसाच. कॉलेजात समतेवर भाषण करून ढाल जिंकलेली मी, खाली बघत बसले.

रक्तदाब मोजला, वरचा आकडा एकशे ऐंशी निघाला. विमलताईंनी तिथूनच आम्हाला सरकारी दवाखान्यात पाठवलं. "सुया गोळीच्या जागी नाहीत," हे त्यांनी आईला बजावलं. गोळी सुरू आहे. दर गुरुवारी सुयाही लावतो. त्या दुपारी ती झोपते. शनिवारपर्यंत पुन्हा जागी. कुठला बिंदू दाबू, मला सुचत नाही.

तू राजदीपभाऊजींशी लग्न केलंस त्या दिवशी बाबा आईला म्हणाले होते, "तिच्याशी एक शब्द बोलशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील." जातीपुढे त्यांना लेक दिसली नाही. आई ही शपथ मोडणार नाही. बाबांशी मी दोनदा बोलून पाहिलं. दोन्ही वेळा ते जेवणावरून उठले आणि आई उपाशी राहिली. तिसऱ्यांदा माझी हिंमत झाली नाही.

पण शपथ बोलण्याची आहे. बघण्याची नाही.

सुया लावल्या की वीस मिनिटं उठता येत नाही. आधी वाटलं, तिला न सांगताच तुला बोलवावं. विमलताई रागावल्या. "आधी आईला विचार. नाही तर मी सुई लावणार नाही." म्हणून काल चुलीपाशी विचारलं, "आई, गुरुवारी तिथे ताई आली तर?"

ती भाकरी थापत राहिली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग म्हणाली, "दवाखान्यात कोणी यावं, हे काय आपल्या हाती आहे?" थोड्या वेळानं, "एवढ्या थंडीत लहान लेकराच्या कानाले टोपडं लागते."

तिनं 'ये' म्हटलेलं नाही, ताई. तुला घरी बोलावण्याची माझी ताकद नाही. तू आलीस तर तिला बरं वाटेल की आणखी त्रास होईल, तेही मी सांगू शकत नाही. गुरुवारी अकरा वाजता, यवतमाळच्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, विमलताईंच्या दवाखान्यात. बाबा तिथे येत नाहीत. तिच्या शेजारची खाट मी कोणालाही देणार नाही.

वाट पाहत आहे, आणि एकटी नाही,

तुझी
सुरभी