गाडीतळावरची फरशी

गाडीतळ, बसस्थानकाजवळ,
जिल्हा बुलढाणा
गुरुवार, दि. ४ सप्टेंबर २०२५
भाद्रपद शुद्ध द्वादशी

चि. करिष्मा हिस,

येथील सर्व मंडळी क्षेम असून पुण्यात तुझेही तसेच असावे, ही इच्छा.

महालक्ष्म्या परवा उठल्या. तुझ्या आजीने सोळा भाज्यांचा नैवेद्य या वर्षीही चुकविला नाही. केवळ आंबील ढवळताना तिला मधे बसावे लागले. उंद्रीहून तुझी आत्या आली होती. सोयाबीन पिवळे पडू लागले होते, ते फवारणीने सावरले. हिऱ्या आता कामाचा राहिला नाही, तरी चारा व्यवस्थित खातो. माझी प्रकृती वयास शोभेल अशी आहे. बाहेर जाणे मी तूर्त कमी केले आहे.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी झोपलो असल्याचे तुझ्या वडिलांनी तुला सांगितले. मी जागा होतो. फोनवर तू माझे वाक्य पुरे होऊ देत नाहीस, आणि अर्धे वाक्य बोलण्याची मला सवय नाही. म्हणून लिहितो. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. परंतु जे लिहीन ते सरळ लिहीन.

त्याच फोनवर तू वडिलांजवळ, गोपाळजवळ, ठेवलेला निरोप मला मिळाला. तुझ्या कचेरीकडे असलेल्या स्थानकाच्या कामाचा दुसरा टप्पा निघत आहे. त्यात मागची गल्ली घ्यावयाची आहे, तेथील घरमालकांची संमती हवी आहे, १४ तारखेस मारुतीच्या देवळात सभा आहे आणि मी मागच्यासारखे उभे राहून दोन शब्द बोलावेत, अशी तुझी इच्छा आहे. ‘आबांचं सगळे ऐकतात,’ असेही तू म्हणालीस. उत्तर देण्यापूर्वी मागची सभा मला जशी आठवते तशी लिहितो. चुकत असेन तर दुरुस्त कर.

गेल्या वर्षी त्याच देवळात तू भिंतीवर मोठा नकाशा लावलास. गाड्या एका अंगाने आत येणार, दुसऱ्या अंगाने बाहेर पडणार. स्थानकास लागून खाली दुकाने आणि वर राहती घरे. पोळा भरतो तो गाडीतळ मधे मोकळाच, मातीचाच, आणि त्याच्या कडेने भाजीवाल्यांसाठी ओटे. त्या मोकळ्या जागेवर तू पेनाने लहान लहान बैल काढले होतेस. शिंगांना गोंडे, पाठीवर झुली, वर पोळ्याचे तोरण. लोक नकाशा पाहत नव्हते, बैल पाहत होते. “हा तं माहा पवळ्या हाये बे, शिंग पाय ना त्याचं!” असे निवृत्ती सायकलवाला ओरडला आणि सारे देऊळ हसले.

हसल्या नाहीत त्या एकट्या सत्यभामाबाई. नवी नवरी होऊन आल्या तेव्हापासून त्या गाडीतळाच्या कोपऱ्यावर भाजी विकतात. त्यांनी विचारले, “हे सारं कागदावर झालं, बाई. आमी एकदा उठलो अन् मंग कोनं बसूच नाई देल्लं, तं?”

तू माझ्याकडे पाहिलेस. मी उठलो आणि म्हणालो, “माह्या नातीचा शब्द, तो माहा शब्द.” त्यापुढे कोणी काही विचारले नाही. सत्यभामाबाईंनी दुसऱ्याच दिवशी आपले पाल स्वतःच्या हाताने उतरविले.

तुझ्या साऱ्याच कामास मी नावे ठेवीत नाही. स्थानकास छप्पर झाले, बायकांसाठी स्वच्छ शौचालय झाले. बीबी गावाकडची शेवटची गाडी चुकलेली बाई आता तेथे निर्धास्त बसते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रीतही मला नवी नाही. आमच्या लहानपणी पेठेतील व्यापारी असेच राहत. गाव होते तसेच राहावे म्हणणारा म्हातारा मी नव्हे. तसा असतो तर तू बारा वर्षांची असताना पोळ्यात हिऱ्याचा कासरा तुझ्या हाती दिला नसता. “पोरीनं बैल नेला तं तोरण बाटते,” असे म्हणणाऱ्यांशी मी भांडलो. तुझ्यावर त्यांनी टोमण्याचे चार चरण जुळवून झडती म्हटली, तर तू तेथल्या तेथे उलट झडती जुळवून त्यांनाच हसविलेस. गाडीतळ म्हणजे काय, हे तुला कॉलेजात शिकावे लागले नव्हते.

मे महिन्यात गाडीतळावर गुळगुळीत काळी फरशी आली. मधोमध कारंजे आले, भोवती लोखंडी खांब आले. ओटे आले नाहीत. त्यांच्या बदली वरच्या मजल्यावर गाळे आले. त्यांचे भाडे सत्यभामाबाईंनी एकदा ऐकले आणि पुन्हा विचारले नाही. त्या आता गटाराच्या काठी पोते टाकून बसतात. शिट्टी घेतलेला एक रखवालदारही आला. कोणी फरशीवर बसले, कोणाचे पोर त्यावर खेळू लागले, की तो शिट्टी वाजवितो. लोक मला विचारू लागले. मी प्रत्येकास सांगत होतो, “काम पुरं होऊ द्या. माह्या नातीनं तिथं बैल काढले हायेत.” हे वाक्य मी पोळ्यापर्यंत म्हणत राहिलो.

पोळ्याचे वर्तमान तुला कळविले नव्हते. ते आता कळवितो.

बैल खांबांच्या बाहेर रस्त्यावरच उभे करावे लागले. मागे एस.टी. भोंगा वाजवीत होती आणि जनावरे बिथरत होती. तोरण विजेच्या खांबास बांधले होते. निवृत्तीचे दुकान माझ्या शब्दावर हलले आहे, हे तू जाणतेस. तो पुढे आला, माझ्याकडे तोंड केले आणि खड्या आवाजात म्हणाला:

“नात झाली साह्यबीन, आज्जा तिचा साक्षी,
गाडीतळावर फरशी अन् फरशीवर नक्षी,
बैलाले मनाई अन् पोराले शिट्टी,
उत्तमरावाच्या शब्दाची झाली मिट्टी!
बोला हर हर महादेव!”

सगळा पोळा हसला. झडतीचा राग धरावयाचा नसतो; टोमण्यास टोमण्यानेच उत्तर द्यावयाचे असते. या गावात मी आजवर कोणाची झडती अंगावर ठेवून घेतलेली नाही. त्या दिवशीही उत्तरासाठी लोक थांबले होते. “बोला ना आबा,” असे कोणीतरी मागून म्हणाले. मग उत्तराच्या जागी मी हिऱ्याचा कासरा ओढला आणि त्याला खांबांमधून फरशीवर नेले. जागा आपली आहे, एवढेच मला दाखवावयाचे होते. रखवालदाराने शिट्टी वाजविली. सकाळी पावसाची सर येऊन गेली होती. हिऱ्याचे मागचे पाय फाकले, तो खाली बसला, आणि त्याच्याबरोबर मी पडलो.

हे एक वाक्य लिहिता यावे म्हणून मला महालक्ष्म्या आणि सोयाबीन यांचा आधार घ्यावा लागला. उजव्या खुब्याचे हाड मोडले. बुलढाण्यास शस्त्रक्रिया झाली. हे पत्र खाटेवरून लिहीत आहे.

चौघे मला उचलण्यास वाकले तेव्हा सत्यभामाबाई गर्दीतून आत आल्या. त्या म्हणाल्या, “बैलाले पयले उठवा. त्यानं कोनाले शब्द नोता देल्ला.” आपली भाजीची पोती त्यांनी हिऱ्याच्या खुरांखाली पसरली. खूर रुतण्यास आधार मिळाला तेव्हा तो उठला. मग त्यांतलेच एक पोते त्यांनी घडी करून माझ्या डोक्याखाली सरकविले. करिष्मा, हाडाचे दुखणे मी सांगत नाही. त्या पोत्यावर डोके ठेवून मी गावाची तोंडे खालून पाहिली, ते सांगतो.

तरीही त्या वेळी माझा राग तुझ्यावर नव्हता. वरच्या लोकांनी तुला फसविले, असे मी समजत होतो. दवाखान्यात नीळकंठराव भेटीस आले. गेल्या वर्षापर्यंत ते सरकारी नोकरीत होते आणि असे नकाशे त्यांच्या टेबलावरून जात. तुझाही नकाशा त्यांनी पाहिला होता. ते सहज म्हणाले, “उत्तमराव, फरशीचा नकाशा तर सभेच्या आधीच मंजूर झाला होता. करिष्माने तुम्हाला दाखवला असेल, असंच मी धरून चाललो.”

ते गेल्यावर मी गोपाळला विचारले. तो पलंगाच्या कडीशी चाळा करीत राहिला.

“तिनंच सांगतलं होतं, आबा. आधी सभा होऊ द्या म्हने, आबाले मी मंगून समजावतो. नाई तं हे काम दुसऱ्या गावाले जाईन.”

“तुले कवा कळलं?”

“सभेच्या आदल्या दिशी.”

म्हणजे मी उभा राहून शब्द देत होतो, तेव्हा माझा मुलगा माझ्या शेजारी मांडी घालून बसला होता आणि त्यास सर्व ठाऊक होते. मी पडल्याचे तुला कळवू नये, असे मी त्यास बजावले. तेही त्याने तंतोतंत पाळले. गोपाळ दोन्हीकडची आज्ञा पाळतो.

नकाशा बदलला तेव्हा तुझे काही चालले नसेल. चाकरीत माणसाचे चालत नाही, हे मला समजते. तू घरी येऊन “आबा, बैल पुसले गेले” एवढे म्हणाली असतीस, तर मी सभेत उभा राहून तेच सांगितले असते. छप्पर हवे, शौचालय हवे, म्हणून लोकांनी कदाचित तरीही होकार दिला असता. परंतु पुसले गेलेले बैल तू पुन्हा काढून आणलेस. कोणासाठी? लोकांना छपरानेही पटविता आले असते. ते बैल माझ्यासाठी होते. मला उभे करावयाचे तर काय काढावे लागेल, हे तुझ्याइतके कोणासही ठाऊक नव्हते. कारण ते तुला मीच दाखविले होते, तुझ्या हाती कासरा देऊन.

आता तुझ्या निरोपाचे उत्तर. १४ तारखेच्या सभेस मी येईन. उभे राहणे शक्य नाही. निवृत्ती आणि त्याचा भाऊ मला खुर्चीसकट उचलून नेणार आहेत. मीच त्यास बोलावून घेतले. तो म्हणाला, “नेतो ना आबा. पन झडतीचं उत्तर बाकी हाये तुमचं.” मी म्हणालो, “तेच द्याले येऊन राह्यलो, बे.”

मंजूर झालेले नकाशे घेऊन ये. पहिल्या टप्प्याचा आण आणि दुसऱ्याचाही आण, जसे आहेत तसे, त्यांवर काहीही न काढता. ते भिंतीवर लाव आणि मागच्या वर्षी काय केलेस, ते स्वतःच्या तोंडाने सांग. तू सांगितलेस तर माझी खुर्ची तुझ्या शेजारी राहील, आणि लोक जे बोलतील ते आपण दोघे ऐकून घेऊ. तू न सांगितलेस तर मी सांगेन, आणि माझी खुर्ची सत्यभामाबाईंच्या शेजारी असेल. मागच्या गल्लीतील एकाही घरासाठी माझा शब्द मात्र तुला मिळणार नाही. तो आता माझ्यापाशी नाही. तो त्या फरशीवर पडला आहे, आणि उचलावयाचा तर आधी तुला वाकावे लागेल.

पत्राच्या आरंभी तुला आशीर्वाद लिहिण्याचा माझा नेम आहे. या वेळी तो लिहिलेला नाही, हे तुझ्या ध्यानात आले असेल. तो सभेपर्यंत मी माझ्याजवळ ठेवला आहे. नाकारला असे समजू नकोस. दिला असेही समजू नकोस.

गाडीतून उतरल्यावर फरशीवरून येऊ नकोस. पाऊस आहे. कडेने ये.

उत्तमराव रामजी भुतेकर